शाळेची घंटा आणि गावची गाडी

खेड्यातील मुलांचे शिक्षण जसे शाळेवर अवलंबून असते, तसेच ते शाळेपर्यंत नेणाऱ्या गाडीवरही अवलंबून असते. गावची बससेवा का बिघडते आणि ती सुधारण्यासाठी सरकारने व प्रवाशांनी काय करावे, याविषयी लेखिकेने या पाठात आपले मत मांडले आहे.



मी पुण्यात नारायण पेठेत राहते. लोकमान्य टिळकांचा केसरीवाडा याच पेठेत आहे. आमच्या गल्लीतून थोडे चालले की अलका टॉकीजचा चौक लागतो. तेथे उभे राहिले की एकामागून एक बस येत राहते. एक चुकली तर थोड्या वेळाने दुसरी मिळते. दुसरीत गर्दी असेल तर रिक्षा आहे. लकडी पूल ओलांडला की डेक्कनला २०२३ पासून मेट्रोही आहे. शहरातले लोक बसविषयी पुष्कळ तक्रारी करतात आणि त्या खोट्या नसतात. पण बस चुकली म्हणून येथे कोणाचे शिक्षण थांबत नाही.

याच पेठेत खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली कितीतरी मुले-मुली राहतात. आमच्या वाड्यातही तिघेजण आहेत. त्यांपैकी एकाचा डबा गावाहून एसटीने येतो. त्याची आई पहाटे उठून भाकरी-भाजी करते. वडील तो डबा पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतात. हा मुलगा सायकलवरून स्वारगेटला जातो आणि डबा घेऊन येतो. पुण्यात शिकलेल्या अनेक मुलांना वर्षानुवर्षे असे डबे येत आले आहेत.

एके दिवशी तो रिकाम्या हाताने परत आला. मी विचारले, "काय रे, डबा कुठे आहे?"

तो म्हणाला, "मॅडम, आज गाडीच आली नाही."

त्याने हे अगदी सहज सांगितले. मला माझे गाव आठवले. आमच्या गावातही लोक असेच म्हणत, "आज गाडीच आली नाही." जणू काही पाऊस आला नाही! पाऊस माणसाच्या हातात नाही. पण गाडीचे तसे आहे का? गाडी माणूस पाठवतो, तिची वेळ माणूस ठरवतो. मग ती आली नाही तर आपण गप्प का बसतो? आज मला तुमच्याशी याच प्रश्नाविषयी बोलायचे आहे.

आधी थोडा इतिहास पाहू. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १ जून १९४८ रोजी, पुणे आणि अहमदनगर या शहरांच्या दरम्यान पहिली एसटी धावली. अहमदनगरला आता अहिल्यानगर म्हणतात. त्या पहिल्या गाडीचा सांगाडा लाकडी होता. त्याआधी रस्त्यांवर खासगी मोटारी चालत. मालकाला जेथे परवडेल तेथे त्या जात आणि भरल्या म्हणजेच सुटत. एसटीने ही पद्धत बदलली. गाडी भरो अगर न भरो, ती ठरलेल्या वेळी सुटेल, असा लोकांना भरवसा मिळाला. पुढे 'गाव तेथे एसटी' हे शब्द सगळ्यांच्या तोंडी झाले.

या गाडीने खेड्यात काय काय नेले! वर्तमानपत्रांचे गठ्ठे नेले, टपाल नेले, औषधे नेली. गावचा भाजीपाला बाजाराला आणला. लग्नाचे वऱ्हाड नेले आणि आजारी माणसाला दवाखान्यात पोहोचवले. रात्रीची शेवटची गाडी गावातच मुक्काम करी. तिला सगळे 'मुक्कामी गाडी' म्हणत. आमच्या गावात तिचे ड्रायव्हर आणि कंडक्टर ग्रामपंचायतीच्या ओसरीवर झोपत. पहाटे माझे अब्बा त्यांना चहा नेऊन देत. गाडीचा हॉर्न हेच गावाचे घड्याळ होते.

आता मी तुम्हांला माझी गोष्ट सांगते. माझे गाव पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात आहे. गावात फक्त प्राथमिक शाळा होती. पुढच्या शिक्षणासाठी १४ किलोमीटरवर तालुक्याच्या गावी जावे लागे. मी आठवीत होते तेव्हा आम्ही गावातल्या पाच मुली मिळून जात असू. सकाळी दहाच्या गाडीने जायचे आणि संध्याकाळी परतायचे. शाळा साडेपाचला सुटे. स्थानक दहा मिनिटांच्या अंतरावर होते. गाडी पावणेसहाला निघे. सगळे कसे नीट जुळत होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर गाडीची वेळ बदलली. ती पावणेसहाऐवजी साडेपाचला सुटू लागली. फरक फक्त पंधरा मिनिटांचा होता. पण साडेपाचला तर आमच्या शाळेची घंटा होई! दप्तर सावरत आम्ही कितीही धावलो, तरी स्थानकात पोहोचेपर्यंत गाडी निघून गेलेली असे. त्यानंतरची गाडी म्हणजे रात्री साडेआठची मुक्कामी. तीन तास स्थानकात बसून राहायचे आणि काळोखात घरी यायचे, हे कोणत्या आईला चालेल?

काही दिवस आम्ही शेवटचा तास बुडवून लवकर निघालो. वर्गशिक्षक रागावले आणि ते बरोबरच होते. मग वडापची जीप उरली. तिच्यात दहाच्या जागी वीस माणसे कोंबलेली असत. मुले मागे लटकत जात. मुलींना त्या गर्दीत पाठवायला घरचे लोक तयार होईनात. वर्ष संपायच्या आत पाचांपैकी तीन मुलींची शाळा बंद झाली. माझी खाला तालुक्याच्या गावी राहत होती. अम्मीने मला तिच्याकडे ठेवले, म्हणून मी शिकू शकले.

माझ्या बाकावर बसणारी माझी जिवलग मैत्रीण मात्र घरी बसली. गणितात ती माझ्या पुढे होती. मराठीचा धडा एकदा ऐकला की ती तो आपल्या शब्दांत सांगत असे. आज मी शिक्षिका आहे. ती का झाली नाही? तिला बुद्धी कमी नव्हती. तिचे अब्बा तिला शिकवायला तयार होते. कारण होते ते पंधरा मिनिटांचे.

मोठी झाल्यावर मी गावातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला विचारले, "चाचा, तेव्हा गाडीची वेळ बदलून घेण्यासाठी कोणी काहीच केले नाही का?"

ते म्हणाले, "केले नाही कसे? कंडक्टरला दहा वेळा सांगितले!"

आता कंडक्टर बिचारा काय करणार? वेळापत्रक तो ठरवत नाही. ज्यांच्या हातात वेळापत्रक होते, त्यांना आमची शाळा किती वाजता सुटते हे कोणीच कळवले नव्हते. साऱ्या गावाने मिळून एक कागदसुद्धा लिहिला नव्हता.

मुलांनो, गाडीची वेळ कशी ठरते हे आपण समजून घेतले पाहिजे. एसटीच्या गाड्या ज्या ठिकाणाहून सुटतात त्याला आगार म्हणतात. एकच गाडी दिवसभरात अनेक गावांच्या फेऱ्या करते. चालक आणि वाहक यांच्या कामाचे तास मोजावे लागतात. शिवाय गाडीतल्या किती जागा भरल्या याचा हिशेब ठेवतात. याला 'भारमान' असे म्हणतात. एखाद्या फेरीचे भारमान फार कमी झाले की ती फेरी कमी करण्याचा विचार सुरू होतो. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. पण हिशेबाच्या कागदावर शाळेची घंटा ऐकू येत नाही. कागद पाहणाऱ्याला वाटते, साडेपाचची गाडी रिकामी जाते, म्हणजे या गावाला प्रवासी नाहीत. प्रवासी असतात, पण ते त्या वेळी वर्गात बसलेले असतात!

येथून एक चक्र सुरू होते. गाडीची वेळ सोयीची नाही म्हणून लोक जीपने जातात. लोक जीपने जातात म्हणून गाडी रिकामी धावते. रिकामी धावते म्हणून ती बंद होते. ती बंद झाली की जीपवाला सांगेल ते भाडे द्यावे लागते. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे त्याचे काही अडत नाही. अडते ते म्हाताऱ्यांचे, आजाऱ्यांचे, मजुरांचे आणि तुमच्यासारख्या मुलामुलींचे.

गेल्या काही वर्षांत हे चक्र अधिक जोराने फिरले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे गाड्या थांबल्या. त्यानंतर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. आपली नोकरी राज्य सरकारच्या सेवेत विलीन व्हावी, अशी त्यांची मागणी होती. त्या महिन्यांत खेड्यांचे फार हाल झाले. साथीच्या आधी एसटीकडे सुमारे १८ हजार गाड्या होत्या. जुन्या गाड्या मोडीत निघाल्या आणि तेवढ्या नव्या वेळेवर आल्या नाहीत. गाड्या काही हजारांनी कमी झाल्या. गाड्या कमी पडल्या की पहिली कात्री कोठे लागते? मोठ्या शहरांच्या मार्गांवर नव्हे, तर आडगावच्या फेरीवर.

सरकारने प्रवाशांसाठी काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो. इतर विद्यार्थ्यांना तिकिटाच्या सुमारे एक तृतीयांश रकमेत पास मिळतो. २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास आहे. मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे तिकीट आहे. या सवलती चांगल्या आहेत. पण जरा विचार करा. पास खिशात आहे आणि गाडी आलीच नाही, तर त्या पासाचा काय उपयोग? सवलत ही गाडीत बसल्यावर मिळते. आधी गाडी तर यायला हवी!

काही लोक म्हणतात, "एसटी तोट्यात आहे. चार मुलांसाठी एवढी मोठी गाडी पाठवायची आणि डिझेल जाळायचे, हे कसे परवडेल?" हा प्रश्न खोटा नाही. डिझेलला पैसे लागतात, चालक-वाहकांना पगार द्यावा लागतो. पण मी त्यांना उलट विचारते, शाळा कधी नफ्यात चालते का? सरकारी दवाखाना नफ्यात चालतो का? तरीही आपण ते चालवतो, कारण त्यांच्यापासून मिळणारा फायदा गल्ल्यात दिसत नाही. एक मुलगी शिकली तर तिच्या घरातल्या पुढच्या सगळ्या पिढ्या शिकतात. हा फायदा तिकिटाच्या यंत्रात कोठे नोंदवणार? म्हणून गावच्या फेरीचा हिशेब फक्त तिकिटांवर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्च कमी करण्याचेही मार्ग आहेत. अरुंद रस्त्यांवर आणि थोड्या प्रवाशांसाठी लहान गाड्या चालवता येतात. तमिळनाडूत १९९७ साली खेड्यांसाठी 'मिनीबस'ची योजना सुरू झाली. आपल्या राज्यातले एक उदाहरणही चांगले आहे. मानव विकास कार्यक्रमात मागास अशा १२५ तालुक्यांत मुलींसाठी निळ्या रंगाच्या गाड्या दिल्या गेल्या. गावातून मुलींना शाळेत नेणे आणि परत आणणे हे त्यांचे पहिले काम. म्हणजे येथे शाळेची वेळ पाहून गाडीची वेळ ठरते. हीच रीत सगळीकडे का असू नये? दर वर्षी जून महिन्यात आगाराने आपल्या भागातील शाळांच्या वेळा मागवाव्यात आणि मगच वेळापत्रक बांधावे. यासाठी एकही नवी गाडी विकत घ्यावी लागत नाही.

दुसरी गोष्ट, एका गाडीचा दुसऱ्या गाडीशी मेळ हवा. स्वित्झर्लंड हा डोंगरांचा देश आहे. तेथे खेड्यांत टपाल खात्याच्या पिवळ्या बस जातात. त्यांची पहिली मोटार १९०६ साली धावली. १९८२ साली त्या देशाने रेल्वेचे वेळापत्रक नव्याने बांधले. रेल्वे दर तासाला ठरलेल्या मिनिटाला येते आणि खेड्याकडे जाणारी बस तिची वाट पाहत उभी असते. आपल्याकडे पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत एसटीही जाते आणि शहराची पीएमपीही जाते. २०२२ च्या अखेरीस पीएमपीने शहराबाहेरच्या काही मार्गांवरील गाड्या बंद केल्या. तेथे एसटीने सेवा द्यावी, असा विचार त्यामागे होता. गाडी लाल असो की दुसऱ्या रंगाची, थांब्यावर उभ्या असलेल्या मुलाला त्याचे काय? दोघांनी एकत्र बसून वेळापत्रक केले तर एकाने सोडलेला प्रवासी दुसऱ्याला मिळेल.

आता तुमच्याविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, "मॅडम, आम्ही लहान. आमचे कोण ऐकणार?" गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या मुलींनीही हेच विचारले होते. शहराबाहेरच्या दोन खेड्यांतून त्या येतात. त्यांची परतीची गाडी शाळा सुटायच्या आधीच निघत असे. मी त्यांना म्हटले, "रडू नका. वही काढा." एका वहीत त्यांनी महिनाभर रोजची नोंद ठेवली. तारीख, गाडीची ठरलेली वेळ, ती प्रत्यक्ष सुटली ती वेळ आणि थांब्यावर राहिलेल्या विद्यार्थ्यांची संख्या. मग आम्ही वर्गात अर्जलेखनाचा तास घेतला. मायना कसा लिहायचा, विषय एका ओळीत कसा मांडायचा, विनंती कशी करायची, हे सगळे त्यांनी खऱ्या अर्जासाठी शिकले. अर्ज मराठीत लिहिला. त्यात कोणाची निंदा नव्हती, फक्त नोंदी होत्या. सोबत पासधारक मुलांची यादी जोडली. मुख्याध्यापकांनी सही केली. एका गावच्या पालकांनी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव करून घेतला आणि त्याची नक्कल दिली.

पहिले उत्तर आले, "सध्या शक्य नाही." मुली निराश झाल्या. आम्ही पुन्हा नोंदी जोडून अर्ज दिला आणि पोच घेतली. तिसऱ्या वेळी दोन पालक स्वतः जाऊन अधिकाऱ्यांना भेटले. त्यांनी वही उघडून पाहिली आणि म्हणाले, "शाळेची वेळ आम्हांला माहीतच नव्हती." गाडी वीस मिनिटे उशिरा सुटू लागली. या सगळ्याला अडीच महिने लागले.

त्या रात्री मी माझ्या जुन्या मैत्रिणीला फोन केला आणि सगळी हकीकत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने हळूच विचारले, "एवढेच करायचे होते का गं?"

तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून तो प्रश्न मी तुमच्याकडे देत आहे.

तुमच्या गावची गाडी वेळेवर येत नसेल तर नुसती कुरकुर करू नका. गाडीवर दगड मारू नका, आसने फाडू नका. गाडी आपली आहे आणि तिची दुरुस्तीही आपल्याच पैशांतून होते. आधी नोंद ठेवा. मग आगार व्यवस्थापकांना अर्ज लिहा आणि त्याची प्रत विभाग नियंत्रकांना पाठवा. पोच घ्यायला विसरू नका. २०२४ साली एसटीने 'प्रवासी राजा दिन' सुरू केला, तो अधिकाऱ्यांनी आगारात येऊन प्रवाशांच्या तक्रारी ऐकाव्यात यासाठीच. अशा वेळी वही घेऊन वडीलधाऱ्यांबरोबर जा. आणि गाडी सुरू झाली की तिच्यातूनच प्रवास करा. दहा मिनिटे वाचवण्यासाठी जीपमध्ये बसाल, तर उद्या ती गाडी पुन्हा बंद होईल. रिकामी गाडी फार दिवस धावत नाही.

तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. पुष्कळदा तुम्ही मला विचारता, "मॅडम, मराठीचा अर्ज परीक्षेत किती गुणांना येतो?" गुण तर मिळतीलच. पण आपल्या राज्याचा कारभार मराठीत चालतो. ज्याला मराठीत नीट अर्ज लिहिता येतो, तो स्वतःसाठीच नव्हे, तर साऱ्या गावासाठी बोलू शकतो. कोणाची तरी मैत्रीण घरी बसू नये म्हणून लिहिलेल्या अर्जाची किंमत कोणत्याही गुणपत्रिकेत मावणार नाही.

शब्दार्थ

ओसरी : घराच्या पुढची छप्पर असलेली मोकळी जागा. वडाप : खासगी जीपमधून होणारी प्रवासी वाहतूक. आगार : गाड्या ठेवण्याची व त्या सोडण्याची जागा. फेरी : गाडीचे एक वेळचे जाणे-येणे. मायना : पत्राच्या सुरुवातीचे संबोधन. पोच : कागद मिळाल्याची लेखी खूण.

स्वाध्याय

१. 'प्रवासी असतात, पण ते त्या वेळी वर्गात बसलेले असतात!' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
२. कंडक्टरला दहा वेळा सांगूनही गाडीची वेळ का बदलली नाही?
३. 'गावच्या फेरीचा हिशेब फक्त तिकिटांवर करू नये' हे लेखिकेचे मत तुम्हांला पटते का? कारणे द्या.
४. तुमच्या थांब्यावरील गाडीची एक आठवडा नोंद ठेवा आणि तिच्या आधारे आगार व्यवस्थापकांना अर्ज लिहा.